फोटो अकरा हजार, चित्रं चौदा

मला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर सांगलीकडचं, गेली ९ वर्षं रत्नागिरीजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावात नोकरीला. शाळा सुटली की घरी जाताना रोज १०-१५ मिनिटं स्कूटी थांबवून फोटो काढतात. ओहोटीनंतर वाळूवर राहिलेल्या लाटांच्या रेषा, गडग्यावरचं शेवाळ, माडाची सावली, असं काय काय. फोनमध्ये ११ हजारांवर फोटो झालेत. लॉकडाऊनमध्ये मुलीची रंगपेटी घेऊन वॉटरकलर सुरू केले, आतापर्यंत चित्रं झाली १४, सगळी स्वतःच्याच फोटोंवरून. गेल्या वर्षी दोन दिवसांच्या एका वर्कशॉपला गेल्या तर तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की फोटोवरून काढलेलं चित्र मेलेलं असतं, जागेवर बसून काढायचं नसेल तर काढूच नका. तेव्हापासून ब्रश हातात घेतलेला नाही. जागेवर बसायचं म्हटलं तर वेळ नाही, आणि बाई एकटी बोर्ड घेऊन किनाऱ्यावर बसली की दहा जण मागे उभे राहतात. सप्टेंबरात स्टाफबरोबर कासच्या फुलांच्या पठारावर जाऊन ६०० फोटो काढले, मनासारखा एकही नाही. मिस्टर म्हणतात चांगला कॅमेरा घे, ७०-८० हजारांचा. ताई विचारतात, फोटो की चित्र, एक काहीतरी धरू का? कॅमेरा घेऊ का? आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय, "वाळूवर ते बारके खेकडे गोळ्यांची नक्षी करतात ना, मला ती आईच्या दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दिसते. पण नक्षी खेकड्याने केली, मी बटण दाबलं, घरी येऊन कागदावर कॉपी केली. यात माझं असं काय आहे?"

---

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीवर थांबले. कॅमेरा, फोटो की चित्र, हे प्रश्न पत्रात मोठे दिसतात पण तुम्हाला खरं टोचतंय ते खेकड्याचं. म्हणून मी तिथूनच सुरू करते.

ते खेकडे काय करतात बघा. ओहोटी लागली की बिळातून बाहेर येतात, नखाएवढा जीव, ओली वाळू तोंडाशी धरतात, तिच्यातलं खाण्याजोगं जे काही बारीक असेल ते चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. असं करत बिळापासून एका रेषेत लांब जायचं, परत यायचं, मग शेजारची रेषा धरायची. त्यामुळे बिळाभोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या ओळी होतात. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला परत पहिल्यापासून. खेकड्याच्या लेखी हे जेवण आहे. पाणी यायच्या आत पोट भरायचंय त्याला, नक्षी वगैरे त्याच्या गावीही नाही.

मग रांगोळी आली कुठून? तुमच्याकडून आली. सांगलीच्या घरी रोज सकाळी आईला ठिपके घालताना बघितलेल्या डोळ्याला तिथे रांगोळी दिसली. त्याच वाळूवरून रोज किती माणसं जातात, गोळ्या चपलेखाली जातात, कुणाला काही दिसत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतंय असंही नाही, त्यांना दुसरं काही दिसत असेल. तुम्ही विचारता यात माझं काय. यात रांगोळी तुमची आहे. बटण दाबणं आणि रंग लावणं हे नंतरचं काम आहे, आणि ते कसं करायचं हे शिकता येतं, पण थांबावंसं वाटणं हे शिकवून येत नाही. मी २८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, वर्गात रेषा सरळ येणारी मुलं पुष्कळ असायची, खिडकीबाहेरचं काहीतरी बघून हात थांबणारी दोन-तीनच.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एका शिक्षकाची गोष्ट सांगते. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे गृहस्थ होते, बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायचे. झाडांच्या आकारातून नक्षीकाम कसं सुचतं हे विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं, पण खरी पानं-फुलं वर्गात आणली की सुकतात आणि बारीक भाग मागच्या बाकापर्यंत दिसत नाही. म्हणून त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेरा घरी तयार केलेला, मागे साधा कागद, आणि समोर नेच्याचा गुंडाळलेला कोंब, भोपळ्याच्या वेलीचा तणावा, एखादी शेंग, अशा गोष्टी. काही तर ३० पट मोठ्या केलेल्या. तणावा बघितला की लोखंडी जाळीतलं वळण वाटतं, कोंब बघितला की खांबाचा माथा. तीसेक वर्षं हे काम वर्गासाठीच चाललं. १९२८ साली ते फोटो पुस्तकात आले आणि गाजले तेव्हा हे ६३ वर्षांचे होते. बाहेरच्या जगाने त्याला कला म्हटलं ते तेव्हा. आता मला सांगा, तो तणावा ब्लॉसफेल्टनी केला नव्हता, वेलीने केला होता, पण त्याच्यात लोखंडी जाळी कुणी बघितली?

आता वर्कशॉपच्या सरांचं वाक्य. चारचौघांत असं ऐकलं की लागतं, वर्षभर ब्रश खाली राहावा इतकं लागलं हे वाचून मला वाईट वाटलं. पण ते वाक्य सबंध खोटं नाहीये, म्हणून ते मोडून बघू, म्हणजे कामाचं तेवढं ठेवता येईल.

फोटोवरून केलेलं चित्र निर्जीव का दिसतं, तर बहुतेक वेळा आपण समुद्राचं चित्र न काढता फोटोचं काढतो. फोनला काही खोडी आहेत. सावली त्याला काळी किंवा सपाट दिसते, तुम्ही प्रत्यक्ष उभ्या असता तेव्हा माडाच्या सावलीत निळं, जांभळं, वाळूचा तांबूसपणा असं सगळं दिसत असतं. जवळचा दगड आणि लांबचं गलबत दोन्ही सारखंच धारदार येतं, डोळ्याला मात्र एका वेळी एकच स्पष्ट दिसतं. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे समोर अंगावर येणारा डोंगर फोटोत मागे जाऊन टेकडी होतो, हा अनुभव घाटात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला आहे. आणि आपल्याकडचा पावसाळी हिरवा! तो फोनमध्ये इतका भडक होतो की प्लास्टिकचा वाटतो. या सगळ्या खोडी आपण प्रामाणिकपणे, बारीक ब्रशने कागदावर उतरवतो आणि मग वाटतं की आपल्याला रंगवता येत नाही.

म्हणजे सरांचं निम्मं खरं आहे. पण जागेवर बसूनच, हे मला पटत नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला लोक जागेवर बसून काढणाऱ्यांचा मेरुमणी मानतात. गवताच्या गंजींची २५ च्या आसपास चित्रं त्याने १८९०-९१ मध्ये केली, एका वेळी बरेच कॅनव्हास मांडून बसायचा आणि ऊन बदललं की दुसरा कॅनव्हास पुढे घ्यायचा. त्याच मोनेने रूआंच्या चर्चची मालिका १८९२ आणि ९३ मध्ये चर्चच्या समोर बसून सुरू केली आणि नंतर ९४ साली घरी स्टुडिओत पूर्ण केली. म्हणजे चर्च समोर नसताना केली. त्याच्याच पिढीतल्या एदगार देगाने १८९५ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला आणि झपाटल्यासारखे फोटो काढले, त्याची चित्रं काही मेली नाहीत. तेव्हा सरांचं म्हणणं त्यांच्या पद्धतीपुरतं ठीक, नियम म्हणून घ्यायचं नाही. शिवाय बाईमाणसाने एकटीने किनाऱ्यावर तासभर बोर्ड लावून बसायचं म्हणजे काय असतं याचा विचार त्या नियमात नाहीच आहे. तुम्ही ते लिहिलंत ते बरं केलंत, अशी पत्रं मला बऱ्याच जणींची येतात.

आता करायचं काय. तुम्ही शिक्षिका, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा माहीत आहेत. त्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो, सगळ्यांना सगळ्यात नावडता, कारण समोर काहीच नसतं. माझा सगळा सल्ला म्हटलं तर त्या एका पेपरात आहे.

किनाऱ्यावर स्कूटी लावलीत की पहिली ५ मिनिटं फोन बाहेर काढायचा नाही. नुसतं बघायचं, पण बोलत बघायचं, म्हणजे मनातल्या मनात स्वतःला सांगायचं, ओली वाळू आकाशापेक्षा गडद आहे की फिकी, सगळ्यात पांढरं काय आहे, फेस की ढगाची कड, सावली कुठल्या रंगाकडे झुकतेय. हे शब्दांत सांगितलं की लक्षात राहतं, नुसतं बघितलेलं घरी पोचेपर्यंत उडून जातं. मग फोटो काढा, पण एक. फार तर दोन. मग घरी जा, चहा घ्या, घरचं काय असेल ते करा, आणि रात्री १५ मिनिटं मिळाली की फोटो न उघडता, पुन्हा सांगते, न उघडता, आठवेल तसं काढा. कागद पोस्टकार्डाएवढा. झालं की मग फोटो उघडून शेजारी ठेवा.

त्या दोन्हींत जो फरक दिसेल तो नीट बघा, खरी गोष्ट तिथे आहे. फोटोत विजेचा खांब आहे, तुमच्या चित्रात नाही, म्हणजे तुमच्या डोळ्याने तो घेतलाच नव्हता. फोटोत खेकड्याच्या गोळ्या कोपऱ्यात बारीक आल्यात आणि तुमच्या चित्रात त्या अर्धा कागद खाऊन बसल्यात, कारण तुम्ही बघत होतात त्याच. प्रमाण चुकलं म्हणून खोडायला जाऊ नका. तुम्हाला दिसलं तेवढं मोठं तुम्ही काढलंत. हे फोटोने कधीच सांगितलं नसतं, आणि फोटो नसता तर हा फरक तुम्हाला कळलाही नसता, म्हणूनच मी म्हणते की एक सोडून दुसरं धरू नका. फोटोने पटकन जाणारं पकडून ठेवायचं, गोळ्यांच्या ओळी नेमक्या कशा फुटल्या होत्या, लाटेची कड कुठे वळली होती, त्याची खात्री करायला तो लागतो. आणि त्यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं ते आठवणीने ठरवायचं. पहिली १०-१२ चित्रं वाईट येतील, हे आधीच सांगून ठेवते, आठवणीला सवय नसते. नंतर एक दिवस किनाऱ्यावर उभं असतानाच कळायला लागतं की आज रात्री यातलं काय उरणार आहे.

कागदाचं म्हणाल तर ३०० जीएसएमची, म्हणजे चांगली जाड, मोठी शीट घ्या, २२ बाय ३० इंचाची येते, तिचे ४ बाय ६ चे २५ तुकडे होतात. महाग शीट फाडायला जीव होत नाही हे माहितीय, पण तुकडे केले की भीती जाते. छोट्या कागदाचा दुसरा फायदा कोकणात जास्त, पावसाळ्यात मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तासन् तास वाळत नाही, वाट बघून आपण ओल्यावरच दुसरा रंग लावतो आणि चिखल होतो, पोस्टकार्ड मात्र गॅसजवळ ठेवलं की वाळतं. हिरवा करताना ट्यूबमधला हिरवा तसाच वापरू नका, सॅप ग्रीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना घाला, लांबच्या झाडीसाठी त्यातच अल्ट्रामरीन आणि भरपूर पाणी. पावसाळी हवेत लांबचं सगळं फिकट आणि निळसर होत जातं, फोनने ते कितीही हिरवं दाखवलं तरी ऐकायचं नाही. आणि किनाऱ्यावर काही काढावंसं वाटलंच तर स्कूटीवर बसूनच, पेन्सिलने, तळहातावर मावेल एवढ्या कागदावर, दोन मिनिटं. लांबून बघणाऱ्याला वाटेल हिशोब लिहितेय.

वेळेचं तुम्ही लिहिलंय त्यावर एक, तुमच्या गावातल्या मच्छीमारांना हे तोंडपाठ असेल पण तुम्ही घाटावरच्या म्हणून सांगते. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आपल्या या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आगेमागे ओहोटी, आणि ती उधाणाची, पाणी खूप आत जातं, वाळू लांबपर्यंत उघडी पडते. अष्टमीच्या सुमाराला बरोब्बर उलटं, तुम्ही शाळेतून येता तेव्हा पाणी वर आलेलं. म्हणजे खेकड्यांची रांगोळी आणि तिरपं ऊन हे दोन्ही तुम्हाला महिन्यातून दोनदा, चार-पाच दिवस एकत्र मिळणार. कॅलेंडरवर तेवढ्या तारखांना खूण करा आणि त्या दिवशी घरी सांगून ठेवा की आज उशीर होईल. बाकीचे दिवस गडगा, शेवाळ, माड. ओहोटीचा फोटो घेताना फोन वाळूपासून वीतभर उंचीवर आणा, सूर्य समोर ठेवा, म्हणजे प्रत्येक गोळीची सावली तुमच्याकडे येते. सूर्य पाठीशी ठेवला की सावल्या गोळ्यांच्या आड जातात, आणि उभ्याने, वरून काढला की नक्षी सपाट होते. तुमचे बरेचसे फोटो उभ्याने काढलेले असणार असा माझा अंदाज आहे.

११ हजार फोटोंचं काय करायचं. डिलीट करत बसू नका, त्यात महिना जाईल आणि हाती रुखरुख लागेल. एखाद्या रविवारी स्क्रीनवर फोटो अगदी नखाएवढे बारीक करा आणि भराभर सरकवत जा, डोळे किलकिले करून. एवढ्या लहान आकारातही जो फोटो डोळ्याला धरून ठेवतो तो बाजूला काढा. असे ३० निघाले तरी पुष्कळ. मग ते ३० ओळीने बघा, त्यात काय परत परत येतंय ते. मला वाटतं तुमच्याकडे सूर्यास्त कमी आणि रेषा-ठिपके जास्त निघतील, कारण पत्रात तुम्ही सूर्यास्ताचं नावही काढलेलं नाही. समुद्राकाठी ९ वर्षं राहून सूर्यास्ताबद्दल एक शब्द न लिहिणारी व्यक्ती मला पहिल्यांदाच भेटली, आणि मला ते फार आवडलं.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. मिस्टरांनी मनापासून सुचवलंय, त्यांना तसं सांगा, पण त्या पैशांनी तुमची अडचण सुटणार नाही, कारण अडचण फोटोच्या दर्जाची नाहीये. दुसरं म्हणजे कोकणातली दमट हवा. लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा खोलवर धरली की साफसफाईचा खर्च जड जातो. उद्या घेतलातच तर पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरायचा, खाऱ्या वाऱ्यातून आलात की पुसून ठेवायचा. हे सगळं करायची तयारी असेल आणि वर्षभराने तुम्हाला असं नेमकं सांगता आलं की फोनला अमुक जमत नाही, उदाहरणार्थ लांबचा पक्षी किंवा मुंगीएवढं फूल, तेव्हा घ्या आणि त्याच कामाची लेन्स घ्या. तोपर्यंत फोनमध्ये २ एक्स वर काढायची सवय लावा, डोंगर पळून जाणं बरंच कमी होतं. आणि उजेड फार आहे असं वाटलं की स्क्रीनवर बोट ठेवून तो थोडा खाली ओढा, फेसाचा पांढरा वाचतो.

आता कास. मला पत्रातला हा भाग वाचून तुमच्यासाठी हळहळ वाटली, कारण तुम्ही बहुतेक स्वतःच्या गावातलीच गोष्ट बघायला घाट चढून गेलात. कास साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर, १,२०० मीटर उंचीवर, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं, मोठी जागा आहे, वाद नाही. पण ते पठार जांभ्या दगडाचं आहे. तुमच्या गावामागचा सडा, म्हणजे तो उघडा कातळमाळ, कशाचा आहे? जांभ्याचाच. पातळ माती, पाऊस पडला की पाणी साचून राहतं, ऊन पडलं की तापतं, अशा जागी मोठं झाड टिकत नाही आणि बुटक्या फुलांना रान मोकळं मिळतं. सीतेची आसवं, गेंद, पिवळा कवला, तेरडा, ही मंडळी कासवर गालिचा करतात आणि कोकणातल्या सड्यांवरही फुलतात, तुकड्या-तुकड्याने, गणपतीच्या आगेमागे. गौरीला आणतो तो तेरडा तुम्हाला कुठून मिळतो, विचारा गावात. सीतेची आसवं तर बघायलाच हवीत, जांभळट निळं, करंगळीच्या नखापेक्षा लहान फूल, आणि मातीत लपलेल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडून खाणारी वनस्पती. कासवर त्यांचा लांबून जांभळा पट्टा दिसतो आणि आपण पट्ट्याचा फोटो काढतो, जसे आणखी हजार जण त्याच वेळी काढत असतात. ६०० पैकी एकही मनासारखा आला नाही कारण तिथे तुम्ही दुसऱ्यांनी काढलेला फोटो शोधत होतात. किनाऱ्यावर तुम्ही काहीच शोधत नसता.

कोल्हापूरचे अबालाल रहिमान तुमच्या माहेरच्या बाजूचे. मुंबईला जे. जे. मध्ये शिकले, मोठं नाव होईल असा हात होता, पण परत कोल्हापूरला आले आणि रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा काठ हेच पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, १९३१ साली गेले. चंद्रकांत मांडरे तुम्हाला सिनेमातले म्हणून माहीत असतील, ते पावडर शेडिंगमध्ये निसर्गचित्रं काढायचे, कोल्हापुरात त्यांचं कलादालन आहे, माहेरी गेलात की मुलीला घेऊन जाऊन या. रंगसुद्धा नाहीत त्यात, काळ्या पावडरीने धुकं उभं केलंय. धुक्याचा फोटो काढून बघितलेल्या माणसाला ते काम जास्त कळतं.

आणि सड्याचा विषय निघालाच आहे तर, तुमच्याच जिल्ह्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, राजापूर तालुक्यात कशेळीला साधारण १८ मीटरचा हत्ती आहे जमिनीवर कोरलेला, त्याच्या पोटात आणखी प्राणी, मासे. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वी तिथे उभं राहून कुणीतरी ती रेघ ओढली. हत्ती काही त्या कातळावर स्थिर उभा राहिला नसेल कोरून होईपर्यंत. बघून आलेल्याने आठवून कोरलाय, म्हणजे स्मरणचित्रच. सुट्टीत शाळेच्या पोरांना घेऊन जा, पण रेषेवर पाय द्यायचा नाही आणि खडूने रेषा गिरवायची नाही हे आधी पढवून ठेवा, फोटोत उठून दिसावं म्हणून लोक खडू लावतात आणि दगड खराब होतो. तसंच कासवाच्या पिल्लांचं, तुमच्या बाजूला गावखडीला वगैरे पिल्लं समुद्रात सोडतात, तिथे गेलात तर फ्लॅश बंद. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

पोरांवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की वर्गात चित्रकलेच्या तासाला फळ्यावर डोंगर-सूर्य-झोपडी काढून देता कारण दुसरं सुचत नाही. तुमच्या मुलांच्या आसपास एकाही घरामागे दोन त्रिकोणी डोंगर नाहीत. त्यांना पुढच्या पौर्णिमेला शाळा सुटताना वाळूवर न्या, खेकड्याची एक रांगोळी प्रत्येकाने पाच मिनिटं बघायची, पाटी-वही काही न घेता, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काढायची. एखादा विचारेल, बाई, किती ओळी होत्या? तेव्हा फोनमधला तुमचा फोटो उघडून दाखवा. ब्लॉसफेल्टनी त्यांच्या वर्गात हेच केलं.

सड्यावर जायला गौरी-गणपतीचे दिवस धरा, शक्यतो सकाळी, बरोबर गावातलं कुणीतरी घ्या कारण पाऊस झाल्यावर कातळ शेवाळलेला असतो आणि पाय सटकतो. फोन डिकीत राहू दे, पिशवीत पेन्सिल आणि ४ बाय ६ चे दोन तुकडे पुरेत. सीतेची आसवं नीट बघायची तर गुडघे टेकावे लागतात, तेव्हा जुना ड्रेस घालून जा, जांभ्याच्या लाल चिखलाचे डाग काही केल्या निघत नाहीत.